झाडेभाऊंची साडेतीनची गाडी

त्या दिवशी सकाळी मी दळण घेऊन चक्कीवर गेलो होतो. गव्हाचा डबा चक्कीवाल्याच्या हाती दिला आणि खिशातला फोन वाजला. झाडेभाऊंच्या घरून, सुमनवहिनींचा होता. मागे रडारड नाही, गलबला नाही, नेहमीचाच आवाज. "भाऊजी, घरी येऊन जा नं जरा. हे उठून नाई राह्यले." मी म्हणालो, डॉक्टरला घेऊनच येऊ का? त्या म्हणाल्या, "डॉक्टरचं काम नाई वाटत मले आता. तुम्ही या." डबा तिथेच सोडून मी निघालो. समुद्रपूर लहान गाव, चक्कीपासून झाडेभाऊंचं घर पायी पाच मिनिटांवर. ती पाच मिनिटं मला पावलापावलानिशी आठवतात. घरात शिरल्यानंतरचा तास मात्र काही केल्या आठवत नाही. ते झोपेतच गेले होते. चेहऱ्यावर त्रासाची खूण नव्हती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडून उठलो तेव्हा म्हणाले होते, "उद्या घाट हाये भोयर, जराक लवकर येजो." घाट म्हणजे कम्प्युटरमधला घाट, कुठल्यातरी परदेशातला, बर्फाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला त्या घाटातून ते बस काढणार होते आणि कुठून कुठून दीड-दोनशे माणसं ते बघायला बसणार होती.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. एका निवृत्त बस ड्रायव्हरनं साठी ओलांडल्यावर व्हिडिओ गेम खेळावा आणि तो खेळताना लोकांना इंटरनेटवर थेट दाखवावा, हे ऐकून आमच्या गावातले पुष्कळ जण सुरुवातीला हसले. मीही हसलो होतो. म्हणून जे झालं ते सगळं नीट सांगून टाकावं असं वाटलं.

दादाराव झाडे लाल गाडीचे ड्रायव्हर होते आणि मी, वसंत भोयर, त्यांच्या गाडीवर कंडक्टर. ड्यूट्या बदलतात, जोड्या मोडतात. आमची जोडी एकोणीस वर्षं टिकली. वर्धा ते आंजी, आंजी ते आर्वी, कधी पुलगाव, कधी आमचंच समुद्रपूर. माणूस अबोल. गाडीत बोलण्याचं काम माझं, चालवण्याचं त्यांचं. मागून कोणी ट्रकवाला हॉर्न देत चढून आला तर मी चिडायचो, म्हणायचो, दाबा थोडी, दाखवा त्याला. ते आरशात बघून एवढंच म्हणायचे, "मांगे लोकं हाये." इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीनं साधं कुत्रं चिरडल्याचं मला आठवत नाही. आणि धावत येणारा माणूस त्यांना आरशात कसा दिसायचा देव जाणे. मी घंटी मारून बसलेलो असायचो आणि गाडी हलायची नाही. मग पाच सेकंदांनी एखादी म्हातारी पिशवी सांभाळत चढायची आणि मला उगाच ओरडायची की एवढी घाई काऊन करता.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीत काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, पण डाव्या बाजूची कडा गेली होती. निकाल आला त्या दुपारी आम्ही वर्ध्याच्या स्टँडवर आंजीच्या फेरीला उभे होतो. गाडी भरली होती, मी निम्मी तिकिटं फाडली होती. कार्यालयातून बोलावणं आलं, भाऊ खाली उतरले आणि दहा मिनिटांनी दुसराच ड्रायव्हर येऊन बसला. मी खिडकीतून पाहिलं तर भाऊ फलाटाच्या खांबाशी उभे होते. गाडी निघाली तेव्हा त्यांनी हात वगैरे केला नाही... नुसते उभे होते. पुढची दोन वर्षं त्यांना टायर आणि डिझेलच्या नोंदी बघण्याचं काम मिळालं. ते त्यांनी चोख केलं, पण निवृत्त होऊन घरी आल्यावर पहिलं काय केलं तर स्कूटर पुतण्याला देऊन टाकली. ओट्यावर बसायचे ते रस्त्याकडे पाठ करून. मी रोज चक्कर मारायचो, देश-दुनियेच्या गोष्टी सांगायचो. ते "हो", "असन" म्हणायचे. वहिनी एकदा मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, घरात माणूस हाये का नाई तेच समजत नाई मले."

त्यांची मुलगी मीनल पुण्यात कंपनीत नोकरी करते. दिवाळीला आली ती आपला जुना कम्प्युटर, एक स्टीअरिंग आणि पायाखालचे तीन पेडल घेऊन. बस चालवण्याचा एक गेम असतो म्हणाली. शहरं, महामार्ग, सिग्नल, प्रवासी, सगळं खऱ्यासारखं. भाऊ दोन दिवस त्या सामानाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर ते पेडल हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते. "क्लच लय हलका हाये," म्हणाले. त्या क्षणी मीनलनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे.

स्टीअरिंग टेबलाला लावलं की ते कारसारखं उभं राहायचं. भाऊंना ते चालेना. बसचं स्टीअरिंग ताटासारखं आडवं असतं. त्यांनी गावातल्या सुताराला बोलावून उतरत्या फळीचं एक टेबल करून घेतलं, खुर्चीखाली दोन इंच जाड पाट ठोकून घेतले आणि मग समाधानानं बसले. आठ दिवसांत गेम हाती आला. तिकडच्या देशांत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, याचा त्यांना सुरुवातीला फार राग यायचा. पण पिवळ्या दिव्याला थांबणं, वळणाआधी गिअर उतरवणं, थांब्यावर फुटपाथला लागून दार आणणं... सगळं जसंच्या तसं. तीन-चार महिने रोज चालवत होते. नंतर एकदा मी गेलो तर कम्प्युटर बंद आणि भाऊ पुन्हा ओट्यावर.

"काऊन, गाडी नाई काढली आज?"

"रिकामी गाडी हाय ते, भोयर," ते म्हणाले. "मांगे कोनीच नाई. खोटे खोटे बाहुले बसते. कोनासाठी सांभाळून चालवू?"

हे मी रात्री मीनलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "काका, मग खरी माणसं बसवू." लाइव्ह स्ट्रीमिंग हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. पडद्यावरचा खेळ, खेळणाऱ्याचा चेहरा आणि आवाज हे सगळं त्याच वेळी इंटरनेटवरून जातं, ज्याला वाटेल तो बघतो, आणि बघता बघता लिहून बोलतोही. त्या लिहिण्याला चॅट म्हणतात. भाऊ म्हणाले, मला कोण बघेल? मीनल म्हणाली, "बाबा, आंजीच्या स्टँडवर तुमची वाट पाहत लोकं उभी राहायची, ती काय तुम्हाला ओळखत होती का?"

सुरुवात करायची म्हणजे काय काय लागतं याची यादी मीनलनं फोनवर सांगितली आणि मी वहीत उतरवली. केबलवाल्याकडून फायबरची लाइन. वीज गेली तर कम्प्युटर चालू राहील अशी बॅटरी. चेहऱ्यासाठी छोटा कॅमेरा, आवाजासाठी माइक. मग एक सॉफ्टवेअर, त्यात एका चौकटीत गेम, कोपऱ्यात भाऊंचा चेहरा. चॅनेलला नाव काय? मीनलनं दोन-तीन झगमगीत इंग्रजी नावं सुचवली. भाऊंनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "झाडेभाऊंची गाडी, बस." वेळ ठरली दुपारी साडेतीनची, कारण त्या वेळी गावात नेट बरं चालतं आणि भाऊंची दुपारची झोप झालेली असते. डोळ्याच्या डॉक्टरनं अर्ध्या तासाच्या वर सलग पडद्याकडे बघू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून मध्ये दहा मिनिटांचा थांबा. आणि चॅट वाचायला मी. ड्रायव्हरनं रस्ता सोडून दुसरीकडे बघायचं नाही, हा त्यांचा नियम इथेही होता. पडद्यावरची अक्षरं ते वाचणार नाहीत. मी शेजारी बसून मोबाइलवर वाचायची आणि त्यांना सांगायची. म्हणजे माझी जुनीच ड्यूटी.

पहिल्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बसले. साडेतीनला मी बटण दाबलं. बघणाऱ्यांचा आकडा कोपऱ्यात दिसतो. तो शून्य होता. पाच मिनिटांनी शून्य, पंधरा मिनिटांनी शून्य. मीनल त्या दिवशी नेमकी मीटिंगमध्ये अडकलेली. भाऊ तरी बोलत होते, रस्ता समजावून सांगत होते, थांब्यावर दार उघडत होते. पाऊण तासानं आम्ही बंद केलं. मला वाटलं, झालं, संपलं हे. ते म्हणाले, "नवीन रूट हाये. लोकाईले म्हाईत व्हाले वेळ लागते." नवीन फेरी सुरू झाली की पहिले काही दिवस गाडी रिकामीच धावते, हे मी विसरलो होतो; ते विसरले नव्हते.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी पहिला माणूस आला. त्यानं लिहिलं, 'काका, इंजिनचा आवाज एकदम ओरिजिनल आहे.' आम्ही चकित झालो, कारण गेमचा आवाज मी फार बारीक ठेवला होता. मग लक्षात आलं, तो आमच्या कूलरचा आवाज होता. वर्ध्याकडचा मे महिना, कूलर बंद केला तर भाऊ घामानं निथळणार. मीनलनं सांगितलं, कूलर बंदच ठेवा. म्हणून गळ्यात ओला दुपट्टा टाकून ते बसू लागले. तर चॅटमध्ये विचारणा सुरू, 'काका, आज इंजिन का नाही?' शेवटी कूलर पुन्हा सुरू केला आणि तो कायमचा राहिला.

हळूहळू माणसं वाढली. दहा, वीस, पन्नास. शाळांच्या सुट्टीत आणखी. मी नावं ओळखू लागलो. अकोल्याची एक नर्स होती, रात्रपाळी करून आलेली, ती म्हणायची की मी काकांची गाडी लावून झोपते. दुबईत क्रेन चालवणारा एक यवतमाळकडचा माणूस, तो जेवणाच्या सुट्टीत यायचा. कॉलेजची पोरं यायची आणि सुरुवातीला एकच घोष, काका भगाव, काका ठोक. भाऊ त्यांना रागावले नाहीत. "मांगे लोकं बसले हाये, बाप्पा," एवढंच म्हणाले. "तुमीच बसले हा नं?" मग त्यांच्यातलाच एक रोज साडेतीनला येऊन पहिली ओळ लिहायला लागला, 'एक फुल द्या.' मी तोंडानं "घ्या, एक पूर्ण तिकीट" म्हणायचो.

एक गोष्ट भाऊंना पचायला वेळ लागला. आपण जे करतो ते लोकांना काही सेकंद उशिरा दिसतं. सिग्नल सुटून गाडी पुढं गेल्यावर चॅटमध्ये यायचं, 'काका, लाल आहे, थांबा.' ते वैतागायचे, "मी थांबून निंगालो, अन् हा आता सांगून राह्यला." मी समजावलं की त्याच्याकडे तुम्ही अजून सिग्नललाच उभे आहात. यावर त्यांनी बराच विचार केला असावा, कारण नंतर ते थांब्यावर जरा जास्त वेळ थांबू लागले. विचारलं तर म्हणाले, "मांगचे पोहचू दे."

एकदा मात्र कोणीतरी घाण लिहिलं. आया-बहिणींवरून. मी वाचलं आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. भाऊंनी विचारलं, काय लिहिलं? मी म्हणालो, सोडा. ते म्हणाले, एकदा समजावून पाहू, भरकटलेलं पोरगं असेल. दारात वहिनी उभ्या होत्या, त्यांनी माझा चेहरा पाहिला होता. "समजावाले काय झालं?" त्या म्हणाल्या. "बायाबापड्या बसते त्या गाडीत. उतरवा त्याले." मी त्याला ब्लॉक केलं. वहिनी आत निघून गेल्या. त्या फेरीचा न्याय तिथेच झाला, आणि तसाच करायचा हे पुढे आमचं ठरून गेलं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी गेममध्ये डावीकडून एक सायकलवाला आला आणि भाऊंच्या गाडीखाली गेला. त्यांना तो दिसलाच नव्हता. पडद्यावरची बाहुली होती ती. पडली, उठली, नाहीशी झाली. चॅटमध्ये पोरांनी हसण्याची चित्रं टाकली, त्यांचं काही चुकलं नाही, खेळच होता. पण भाऊंनी ब्रेक दाबून गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खोलीतून निघून गेले. मी सगळं बंद केलं. ते मागच्या अंगणात उभे होते. "डोळा आनखी गेला," म्हणाले. "ते बाहुलं होतं म्हनून... नाई तं?" त्यानंतर नऊ दिवस ते त्या खोलीत गेले नाहीत. पुन्हा ओटा, पुन्हा रस्त्याकडे पाठ. मला भीती वाटली ती त्याच दिवसांत. आधीच्या गप्पपणापेक्षा हा गप्पपणा वेगळा होता.

दहाव्या दिवशी मी म्हणालो, "भाऊ, आंजीच्या स्टँडवर गाडी मांगे घ्याची राहे तं तुमाले मांगचं दिसे का?"

"नाई."

"मंग कोन सांगे?"

गाडी मागे घेताना कंडक्टर खाली उतरून, गाडीवर थापा मारत, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो, ते प्रत्येकानं पाहिलेलं आहे. तेवढंच करायचं, मी म्हणालो. डावी बाजू माझी. तुम्ही समोर बघा. ते म्हणाले, "अन् चॅट कोन वाचन?" मी म्हणालो, चॅट थांब्यावर वाचू. त्याच दुपारी साडेतीनला त्यांनी गाडी सुरू केली आणि निघण्याआधी कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं, "मले डाव्या बाजूनं नाई दिसत. काचबिंदू हाये. आजपासून तिकडचं भोयर सांगन." बस, एवढंच. मी डावीकडून सायकल, डावीकडून कार, डावीकडे खांब असं सांगत गेलो. दोन-तीन दिवसांनी बघतो तर चॅटमधली माणसंही लिहायला लागली, डावीकडून ट्रक, डावीकडून बाई. त्यांचं सांगणं उशिरा यायचं, उपयोग शून्य. पण भाऊंनी मला ते थांबवू दिलं नाही.

याच सुमारास वर्षा मॅडम आल्या. पुलगावला शाळेत कम्प्युटर शिकवतात, माहेर आंजीचं. एके दिवशी त्यांनी चॅटमध्ये लिहिलं, 'काका, मी कॉलेजला तुमच्याच गाडीने जायची. तुम्ही माझ्यासाठी थांबायचात.' भाऊंना त्या आठवल्या नाहीत आणि त्यांनी तसं सांगितलंही. थांबायचो तर सगळ्यांसाठीच, म्हणाले. मॅडमना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांनी कुठून कुठून शिकून घेतलं की या गेममध्ये आपले स्वतःचे रस्ते बनवून घालता येतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पुलगावहून दोनदा आमच्याकडे आल्या, वही घेऊन. वर्धा ते आंजीचा रस्ता भाऊंनी त्यांना डोळे मिटून सांगितला. इथं चढ, इथं नाल्यावरचा अरुंद पूल, इथं डाव्या हाताला चिंच, तिथं गाडी जराशी उजवीकडे खेचते. मी एकोणीस वर्षं त्याच गाडीत होतो, पण यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. मी प्रवाशांकडे तोंड करून उभा असायचो, हेही खरंच.

रस्ता तयार झाला त्या दिवशी मीनल रजा काढून आली. वहिनी पहिल्यांदाच आत खुर्ची घेऊन बसल्या. खेळ सुरू झाला आणि पडद्यावर वर्ध्याचा स्टँड उगवला, म्हणजे स्टँडसारखं काहीतरी, पण फलाट बरोबर होता, खांबही होते. भाऊ काही वेळ गाडी न हलवता बसले. मग त्यांनी गिअर टाकला आणि मी घंटी मारल्यासारखं दोनदा टेबल वाजवलं. गाव मागे पडलं, कापसाची शेतं लागली. वर्षा मॅडमनी बोंडंसुद्धा काढली होती, जरा मोठीच. प्रत्येक विनंती थांब्याला भाऊ थांबले, कोणी उभं नसलं तरी. पुलावर त्यांनी गाडी अशी हळू घेतली की मला खरंच खालचं पाणी आठवलं. आंजी आलं. तिथं थांब्यावर सात-आठ माणसं उभी होती, आणि गेममधली माणसं परदेशी असल्यामुळे सगळ्यांच्या अंगात गुडघ्यापर्यंतचे ओव्हरकोट, एकीच्या डोक्यावर फरची टोपी. वहिनींनी चष्मा सारखा केला. "आंजीले एवढे कोटवाले कोन उतरले बाई?" त्यांचा आवाज माइकमधून सगळीकडे गेला आणि चॅट हसण्यानं भरून गेलं. भाऊसुद्धा हसले, आवाज करून हसले. गाडी फलाटाला लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मी वाट बघत होतो की ते काही बोलतील, त्या अर्धवट राहिलेल्या फेरीबद्दल. ते म्हणाले, "दोन मिनिटं लवकर आलो. चिंचेच्या वळनावर थांबाले पायजे होतं." मग चहा मागितला. पण त्या संध्याकाळी मी घरी जायला निघालो तेव्हा ते ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

त्यानंतर सव्वा वर्ष साडेतीनची गाडी क्वचितच चुकली. बघणाऱ्यांची संख्या दीड-दोनशेच्या वर कधी फारशी गेली नाही आणि भाऊंना त्याचं काही नव्हतं. गाडीत मावतात त्यापेक्षा जास्तच आहेत, म्हणायचे.

ते गेले त्या दुपारी आम्ही स्मशानभूमीत होतो. साडेतीन वाजता माझ्या खिशातला मोबाइल थरथरायला लागला, एकामागून एक. घाट आहे ना आज? काका, एक फुल द्या. काका, नेट गेलं का? मी तो बंद केला नाही, तसाच खिशात राहू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीनलला विचारून चॅनेलवर चार ओळी लिहिल्या. नोकरीभर तिकिटं फाडली, अर्ज लिहिले, रजेच्या चिठ्ठ्या लिहिल्या, पण त्या चार ओळींना दोन तास लागले. शेवटी एवढंच लिहिलं, की झाडेभाऊ काल पहाटे झोपेत गेले, त्रास झाला नाही, आणि तुम्ही सगळे उतरताना सावकाश उतरा. खाली जे लिहून आलं ते मी वहिनींना पुरवून पुरवून वाचून दाखवलं. नर्सबाईंनी लिहिलं होतं की आज झोप लागली नाही. तेराव्याला वर्षा मॅडम पुलगावहून आल्याच, शिवाय आमच्या ओळखीचे नसलेले चौघंजण आले. त्यातला 'एक फुल द्या' लिहिणारा मुलगा चंद्रपूरहून आला होता. मी त्याला दाढी-मिशीवाला समजत होतो; निघाला सडपातळ, लाजरा. त्यानं ते आडवं टेबल बघितलं, खुर्चीखालचे पाट बघितले आणि पंगतीत वाढायला लागला.

मीनल पुण्याला परत जायच्या आधी म्हणाली, काका, चॅनेल बंद करायचं का? मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बंद केलं तं त्यातलं कुठी जाते?" मग मी त्यांना सांगितलं, की रोज जे लाइव्ह जायचं ते सगळं चॅनेलवर साठून आहे, पहिल्या दिवसापासूनचं. त्यांना हे माहीतच नव्हतं. दोन-अडीच वर्षं त्या शेजारच्या स्वयंपाकघरात होत्या, भिंतीपलीकडून नुसता आवाज ऐकत होत्या. एक-दोन वेळा सोडल्या तर त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं.

आता मी रोज साडेतीनला जातो, कम्प्युटर लावतो आणि आम्ही दोघं एकेक फेरी बघतो. वहिनींनी सांगितलं, पहिलीपासून लावा, मधलं काही सोडू नका. पहिली लावली तर तिला आवाजच नव्हता. माइक बंद राहून गेला होता, आणि बघायला कोणी नव्हतं म्हणून कोणी सांगितलंही नव्हतं. कोपऱ्यात इस्त्रीच्या शर्टातले भाऊ, ओठ हलताहेत, पाऊण तास. मी म्हणालो, ही सोडून दुसरी लावू. "राहू द्या," वहिनी म्हणाल्या. त्या जरा पुढं सरकून बसल्या आणि थोड्या वेळानं भाऊंच्या ओठांकडे बघत सांगायला लागल्या. आता म्हन्ते, इथं रस्ता खराब हाये. आता तुमाले पानी मांगून राह्यले. आता म्हन्ते... त्या थांबल्या, पुन्हा लक्ष देऊन पाहिलं. "आता बसा म्हन्ते, निंगतो."

परवा बाविसावी फेरी झाली. कम्प्युटर बंद करताना त्यांनी विचारलं, अशा आणखी किती आहेत. मी मोजून पाहिलं आणि म्हणालो, रोज एक बघितली तर पुढच्याच नाही, त्याच्याही पुढच्या पोळ्यापर्यंत सहज जातील, वर थोड्या उरतीलच. त्यांनी मनातल्या मनात काही हिशोब केला.

"पुरते मंग," म्हणाल्या, आणि पदर खोचून मेथी निवडायला बसल्या.